न बिघडलेल्या चार गाड्या

चौक,
ता. १४ जानेवारी १९४४

येसाजीराव यांस मालोजीचा रामराम.

वन्संकडचा तिळगूळ पोचला, असं सुंदरा सांगते आहे. आज गोड बोलायचा दिवस, पण तुमच्या लष्करी शाळेचा कागद त्याच टपालाने आला आणि तोंड कडू झालं. घाटावरच्या शाळेत सहा महिने बाकावर बसून शिकलेले पाच मेकॅनिक एकीकडे, आणि माझ्या लष्करी कारखान्यात गाड्यांखाली उताणे पडून शिकलेले पाच दुसरीकडे. दोघांचं काम मोजायचं आणि कुठलं शिक्षण बरं ते सरकारने ठरवायचं. ठरवा बापडे. पण मोजणार कोण, तर तुम्ही! शाळेचे मास्तर तुम्ही, परीक्षक तुम्ही, आणि वर माझे थोरले साडू. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या.

अहो, या रस्त्याने रोज शंभर-दीडशे लष्करी गाड्या घाटाकडे जातात. त्यातल्या आठ-दहा आमच्या दारात येऊन मरतात. सकाळी किती मेल्या नि संध्याकाळी किती आपल्या चाकांनी गेल्या, एवढं मोजा. त्याला चाळीस मार्कांचा तक्ता कशाला लागतो?

मला काळजी शुक्राची आहे. इर्शाळच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला गडी, तिशीचा, दोन पोरांचा बाप. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या जोत्याला दगड वाहायला आला तो इथेच राहिला. त्याला अक्षर येत नाही. कार्बोरेटरला तो नाक म्हणतो आणि बॅटरीला माठ. पण बांबूची नळी कानाला लावून इंजिन ऐकतो नि बोट ठेवतो, तिथेच बिघाड निघतो. तुमच्या तक्त्यात बोट ठेवायला रकाना आहे का?

मी तर काल सगळ्यांदेखत बोललो, की परीक्षेच्या दिवशी यातली एकही गाडी सुरू न होवो, मग बघू कशी घेतात परीक्षा. डोकंच फिरलं आहे माझं.

सुंदराने दिवाळीला आपल्या दोघांना सारखे रुमाल भरून दिले होते, कोपऱ्यात हिरवं आंब्याचं पान. माझा घाम पुसून पुसून काळा झाला. तुमचा अजून घडीचा असेल.

मालोजी

*

मुक्काम शाळा,
ता. २२ जानेवारी १९४४

चि. मालोजीराव यांस,

पत्र वाचून हसू आलं. पण तुम्ही विमलला वन्सं लिहिलंत; वन्सं म्हणतात नणंदेला. माझी बायको तुमच्या बायकोची थोरली बहीण आहे, नणंद नव्हे. तिला ताई म्हणतात. रागाच्या भरात माणूस नाती विसरतो, तो परीक्षेबद्दल काय न्याय करणार?

आता शांतपणे ऐका. दहा गाड्या सुटल्या यावरून दहा माणसं शिकली असं होत नाही. एक तुमच्यासारखा हाडाचा मिस्त्री सगळ्यांच्या गाड्या सोडवतो आणि बाकीचे पाना हातात धरून उभे राहतात. म्हणून प्रत्येकाला एकटं उभं करायचं, सगळ्यांना एकच काम द्यायचं, आणि एकाच मापाने मोजायचं. सुट्या भागांची नावं वीस मार्कांना, प्रत्यक्ष काम वीस मार्कांना. मोजण्यात साडू नाही की मेव्हणा नाही.

प्रत्यक्ष काम काय असेल ते मी सांगणार नाही. तुम्ही ते आदल्या दिवशी घोकून घ्याल, मी तुम्हांला ओळखून आहे.

एक गोष्ट मात्र खासगीत सांगतो. बाराच्या खाली मार्क पडले, तर तो माणूस मेकॅनिक म्हणून राहणार नाही. त्याला आसामकडे रस्ते फोडणाऱ्या लेबर कंपनीत धाडतील. तेव्हा तुमच्या त्या ठाकराला नाक आणि माठ सोडून खरी नावं शिकवा. हा काही माझा नियम नव्हे, वरचा आहे. आणि हेही सांगतो, की हे काम नीट पार पडलं तर हवालदाराचा जमादार होण्याची माझी बढती नक्की, असं मेजरसाहेब म्हणाले आहेत. नऊ वर्षं हवालदारीत काढली मी.

आठ फेब्रुवारीला संध्याकाळी माझ्या पाच मुलांसह येतो. नऊला सकाळी परीक्षा.

येसाजी

*

मुक्काम शाळा,
ता. १६ फेब्रुवारी १९४४

मालोजीराव,

निकाल साहेबांकडे गेला, त्यामुळे आता तुम्हांला सांगायला हरकत नाही. शाळेची सरासरी चाळीसपैकी सदतीस. कारखान्याची दहा. तुमच्या चौघांनी नावांवर कसेबसे बारा-चौदा मिळवले आणि ते वाचले. प्रत्यक्ष कामात तुमच्या पाचांनाही शून्य. शुक्राला नावांतही शून्य, सगळं मिळून शून्य.

मला आनंद झाला असं समजू नका. परीक्षेला चार गाड्या होत्या आणि प्रत्येक गाडीपाशी प्रत्येकाला दहा मिनिटं होती. गाडी सुरू करायची नाही, दुरुस्त करायची नाही, कारण पुढच्यालाही तोच बिघाड मिळाला पाहिजे. फक्त पाहायचं, चाचपायचं आणि काय बिघडलं आहे ते सांगायचं. माझी मुलं आली, बॉनेट उघडलं, दोन मिनिटांत बिघाड सांगितला, की पुढच्या गाडीकडे. तुमचा शुक्रा चारही गाड्यांभोवती फिरला, प्रत्येकीवर हात फिरवला आणि प्रत्येक वेळी मला एकच म्हणाला, "गाडी बरी हाय सायेब, हिला काय झालेलं नाय." मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. खाली बघून तेच.

शिकवण्याची तुमची पद्धत चुकली, मालोजीराव. माणूस वाईट नाही.

सुंदराच्या हातची आमटी अजून तोंडात घोळते आहे. तिला आशीर्वाद.

येसाजी

*

चौक,
ता. २० फेब्रुवारी १९४४

येसाजीराव,

तुमचे आशीर्वाद तुमच्याकडेच ठेवा.

बिघाड? कुठला बिघाड? त्या चारही गाड्या धडधाकट होत्या! परीक्षा संपली, तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात, आणि त्याच क्षणी मी त्यातली एक काढून शिळफाट्याला टायर आणायला गेलो. दुसरी माझ्या पाचांतल्या सदूने पाणी आणायला नेली. उरलेल्या दोन त्याच दुपारी घाट चढून गेल्या. एकही वाटेत खोकली नाही. माझे पाच गडी म्हणाले गाडी बरी आहे, कारण गाडी बरी होती! आणि त्याचं तुम्ही शून्य दिलंत?

मी हात जोडतो, काय केलं होतंत ते एकदा सांगा. साडूपणाची आण आहे तुम्हांला.

मालोजी

*

मुक्काम शाळा,
ता. २७ फेब्रुवारी १९४४

मालोजीराव,

आण घातलीत म्हणून सांगतो. आठ तारखेला दिवस मावळताना तुमची माणसं जेवायला गेली, तेव्हा मी स्वतःच्या हातांनी चार गाड्या बिघडवल्या. शाळेत आम्ही नेहमी असंच शिकवतो. मास्तर बिघाड घालून ठेवतो, विद्यार्थी शोधतो. पहिलीत प्लगच्या दोन वायरी उलटसुलट केल्या. दुसरीत पेट्रोलच्या नळीत चिंधी कोंबली. तुमच्या कारखान्यात चिंधीसुद्धा कुलपात ठेवता, म्हणून मला माझ्या रुमालाचा कोपरा फाडावा लागला. तिसरीत बॅटरीची पट्टी ढिली केली. चौथीत ठिणगी पडते तिथे कागद सारला. परीक्षेनंतर हे सगळं नीट करायचं माझ्या ध्यानातून गेलं, हे कबूल. ते तुम्हीच कोणीतरी केलं असणार.

बिघाड नव्हते म्हणता? मग माझ्या पाचांच्या पाचही मुलांनी चारही बिघाड बिनचूक सांगितले ते कसे? ज्या अर्थी सांगितले, त्या अर्थी होते. एवढं साधं तर्कशास्त्र आहे.

येसाजी

*

चौक,
ता. ४ मार्च १९४४

येसाजीराव,

तुमचं तर्कशास्त्र घाला चुलीत. परीक्षा साडेअकराला संपली, पावणेबाराला मी स्टेअरिंगवर होतो. पंधरा मिनिटांत चार गाड्या कोणी दुरुस्त केल्या? भुतांनी?

म्हणजे त्या परीक्षेच्या आधीच कोणीतरी नीट केल्या होत्या. माझ्या कारखान्यात एकच नियम आहे, बिघडलेली गाडी दारात ठेवून चहाचं नाव काढायचं नाही. तो ज्याने पाळला त्याने तुमची परीक्षा खाल्ली. मी एकेकाला उभं करून विचारलं. सदू देवाची शपथ घेतो. बाकीचे तिघे म्हणतात, आम्ही हात लावला नाही. शुक्राला विचारलं तर मान खाली घालून पाना पुसत बसतो. पुन्हा विचारलं तर म्हणतो, "जाऊ द्या ना उस्ताद." काय जाऊ द्या? कपाळ जाऊ द्या?

पुरावा पाहिजे ना तुम्हांला? तुमच्या रुमालाचा तुकडा ज्याच्यापाशी निघेल, त्याने गाड्या दुरुस्त केल्या. मी कोनाकोपरा झाडला. मिळाला नाही.

शुक्राचा हुकूम आला आहे. पंधरा तारखेच्या गाडीने कर्जतहून जायचं, तिथून पुढे आसाम. जिजा, म्हणजे त्याची बायको, काल धाकट्याला पाठीशी बांधून आली नि कारखान्याच्या फाटकाबाहेर दुपारभर बसून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि आता मी तुम्हांला तर्कशास्त्राचा एक प्रश्न घालतो. गाड्या जर बऱ्या होत्या, तर तुमच्या हुशार मुलांनी नसलेले बिघाड शोधले कसे?

मालोजी

*

मुक्काम शाळा,
ता. ९ मार्च १९४४

मालोजीराव,

तुमच्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. काल पाचही मुलांना समोर घेतलं. बिघाड कसे ओळखलेत, विचारलं. मग एकजण निरागसपणे म्हणाला, "मास्तर, तुम्ही नेहमी हेच चार घालता ना. पहिलीत वायर, दुसरीत चिंधी, तिसरीत पट्टी, चौथीत कागद. याच क्रमाने."

मी विचारलं, "अरे पण गाडीकडे बघितलंत का?"

तर म्हणतो, "बघायचं कशाला? पाठ होतं."

सहा महिने, मालोजीराव. सहा महिने मी ह्यांना शिकवतो आहे. ते गाडी शिकलेच नाहीत, मला शिकले. आणि मी तरी काय केलं? हातात तक्ता धरून उभा होतो, उत्तर जुळलं की खूण केली. एकदासुद्धा वाकून बॉनेटमध्ये पाहिलं नाही. शुक्रा तीनदा म्हणाला की गाडी बरी आहे. दहा माणसांत खरं सांगणारे पाच होते आणि त्या पाचांना मी शून्य दिलं.

पण आता करू काय? अहवाल गेला आहे. साहेबांनी त्यावर शाबासकी लिहिली आहे. तो मागे घ्यायचा, तर नुसतं "काहीतरी चुकलं" असं लिहून चालणार नाही. कोणी दुरुस्त केलं, केव्हा केलं, आणि केलं तर परीक्षेत सांगितलं का नाही, हे विचारतील. त्याचं नाव नसेल तर मला वेड्यात काढतील आणि शुक्राचाही काही फायदा होणार नाही.

विमल म्हणते, गप्प बसा, जमादारी हातची घालवू नका. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात ते आलं. नाव शोधा. शिमग्याचे दिवस आहेत, माणसं सैल बोलतात.

येसाजी

*

चौक,
ता. १२ मार्च १९४४

येसाजीराव,

हे पत्र आपल्या कमळ्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. टपालावर विसंबायला वेळ नाही.

नाव सापडलं. सुंदराला सापडलं.

आज सकाळी जिजा मागच्या दाराने आली. सुंदराच्या हातात एक पानाची पुडी दिली आणि म्हणाली, "बाय, हे तुमचं तुमाला. आमचा मानूस तीन दिसांनी जाणार. घरात नको ठेवायला, कोनी बघलं तर तुमच्या धन्याला तरास व्हईल." पुडीत रुमालाचा कोपरा होता. धुतलेला, घडी केलेला. हिरवं आंब्याचं पान.

सुंदरा मला म्हणते, तुमचा रुमाल केव्हा फाटला? मी माझा काढून दाखवला, अख्खा. मग ती कपाळाला हात लावून खालीच बसली. मी तसाच धावत वाडीवर गेलो. शुक्रा अंगणात बसून पोराला करवंटीची गाडी करून देत होता. त्याच्यापुढे तो तुकडा धरला आणि काय वाटेल ते बोललो. शेवटी त्याने तोंड उघडलं.

नऊ तारखेला उजाडताना तो कारखान्यात आला. थंडीत गाड्या एकेकदा सुरू करून ठेवायच्या हे त्याचं रोजचं काम. चारही मेलेल्या. कान लावला, हात घातला, बाकीचे यायच्या आत चारही उभ्या केल्या. दुसरीच्या नळीतून हा तुकडा निघाला. पान त्याच्या ओळखीचं. रोज माझ्या हातात बघतो तो. आणि त्या दिवशी माझा रुमाल घरी धुवायला पडला होता, मी पंच्याने घाम पुसत होतो. झालं, त्याच्या मनाने घेतलं.

कारण मीच बोललो होतो ना सगळ्यांदेखत, की एकही गाडी सुरू न होवो! त्याला वाटलं, उस्तादाने रागाच्या भरात लढाईच्या गाड्या बिघडवल्या. आणि परीक्षा घ्यायला आलेला सायेब विचारतो आहे, काय बिघडलं, सांग. तीन-तीनदा विचारतो आहे. शुक्राला ती परीक्षा वाटलीच नाही, येसाजीराव. त्याला वाटलं तुम्ही चोर शोधता आहात.

तो म्हणाला, "उस्ताद, लढाईच्या गाडीला हात लावला तर गोळी घालत्यात ना? मी म्हटलं, आपुन गाडी बरी हाय म्हणायचं. गाडी बरी व्हतीच की. मी काय लबाड नाय बोललो."

मी म्हटलं, "अरे मूर्खा, आसामला चाललास ना त्यापायी!"

"चाललो तर चाललो. दगडं फोडायची मला सवय हाय. तुमाला नाय."

पुढचं मला लिहवत नाही. शिव्या द्यायला तोंड उघडलं नि रडू आलं, तेही त्याच्या पोरासमोर. शिकवायला म्हणून कोणी मुद्दाम चांगली गाडी बिघडवतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कसं येणार? ते फक्त तुमच्या शाळेत चालतं.

नाव पाहिजे होतं, मिळालं. तुकडा सोबत पाठवला आहे, तुमच्या उरलेल्या रुमालाला जुळवून बघा. आज बारा तारीख. पंधराला गाडी सुटते.

मालोजी

*

मुक्काम शाळा,
ता. १३ मार्च १९४४

मालोजीराव,

कमळ्याला थांबवून घेतलं आहे, म्हणून थोडक्यात.

तुकडा जुळला. आज सकाळी तो, माझा फाटका रुमाल आणि नवा तक्ता घेऊन मेजरसाहेबांपुढे उभा राहिलो. तक्त्यात माझ्या पाचही मुलांचे प्रत्यक्ष कामाचे मार्क खोडले. तुमच्या चौघांना खरं सांगितल्याबद्दल पुरे वीस दिले. शुक्रासाठी मला रकाना सापडेना. "सापडलेले बिघाड" या रकान्यात चार लिहिलं. "नावं" या रकान्यात शून्यच ठेवलं, कारण त्याला ती खरोखर येत नाहीत. "लागलेला वेळ" या रकान्यात लिहिलं, परीक्षेच्या आधी.

साहेबांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हवालदार, ह्याचा अर्थ तुझी परीक्षा नापास झाली." मी म्हटलं, "होय साहेब." शाबासकीचा कागद त्यांनी माझ्या देखत फाडला. जमादारीचं त्यांनी नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शुक्राचा हुकूम रद्द केल्याची चिठ्ठी सोबत आहे. कमळ्याला म्हणावं, वाटेत कुठे चहाला थांबू नको.

शुक्राला माझ्या वतीने समजावून सांगा, की तुम्ही काही केलं नव्हतंत. मी केलं होतं, परीक्षेसाठी. एवढं तरी त्याला कळलं पाहिजे. तुमच्यावरचा आळ मला सहन होत नाही.

येसाजी

*

चौक,
ता. २५ मार्च १९४४, पाडवा

येसाजीराव यांस,

चिठ्ठी वेळेवर पोचली. शुक्रा आज एका मेलेल्या गाडीखाली आहे, पाय तेवढे दिसतात. जिजाने सुंदराला करवंदाच्या जाळीतलं पहिलं फळ आणून दिलं. हिरवंच आहे, दात आंबले.

ताईंचा राग गेला का? त्यांना म्हणावं, सुंदराने नवा रुमाल भरायला घेतला आहे. तुमच्यासाठी. या वेळी पान लाल दोऱ्याचं घालायला सांगितलं आहे, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. जमादारीचं मी काही लिहीत नाही. लिहायला बसलो की तुमचा राग यायचा थांबतो आणि मग मला सुचेनासं होतं.

तुमचा निरोप शुक्राला सांगितला. एकदा नव्हे, तीनदा. समोर बसवून सांगितलं, की बाबा, मी नाही, ते सायेब, माझे साडू, त्यांनी बिघडवल्या. राग म्हणून नव्हे, चोरी म्हणून नव्हे, माणसांना शिकवायला मुद्दाम चांगली गाडी बिघडवतात, शाळेत तशी रीतच आहे. सगळं नीट ऐकून घेतलं त्याने. मान डोलावली. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा.

मग त्याने इकडे तिकडे बघितलं, कोणी नाही ना म्हणून, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"बरं उस्ताद. सायबांचं पण मी कोनाला सांगणार नाय."

मालोजी